मी दार लावून घेतो

काही माणसांना तंबाखूचे व्यसन असते, काहींना पत्त्यांचे, काहींना दुसऱ्याला सल्ला देण्याचे. मला दार लावून घेण्याचे आहे. संध्याकाळचे साडेसात वाजले की आमच्या माडीवरच्या लहानशा खोलीचे दार मी आतून लावून घेतो आणि तास-दीड तास जगाला दिसेनासा होतो. त्या वेळात कोणी घरी आलेच, तर आमच्या सौभाग्यवती "ते वर गेलेत" एवढेच सांगतात. 'वर गेले' या शब्दांना मराठीत आणखीही एक अर्थ आहे, ही गोष्ट मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी त्यांच्या नजरेस आणून दिली. त्यावर, "तुमच्या बाबतीत दोन अर्थांत फारसा फरक पडत नाही," असे उत्तर मिळाले.

व्यसनाची बाजू घेणारे थोडे आणि त्याच्यावर तुटून पडणारे फार, हा जगाचा नियमच आहे. आमच्या महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे एक सहकारी माझ्या दाराला 'पलायनवाद' म्हणतात. शेजारचे गृहस्थ मला फाटकाशी गाठून विचारतात, "सर, आता आणखी कसली परीक्षा द्यायची राहिलीय?" या दोघांना हसून टाळता येते. पण आमची कन्या गेल्या वर्षी दहावीत असताना एकदा जिन्यात उभी राहून मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पळून जाता." कन्येला टाळता येत नाही. तिच्या त्या चार शब्दांवर मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे, आणि हा लेख म्हणजे तिला द्यायचे उत्तर आहे असे वाचकांनी समजायला हरकत नाही.

आधी मी कशापासून पळतो ते सांगतो. मी मिरजेत राहतो. सकाळी घंटागाडी येते. तिच्या भोंग्यातले गाणे मला इतके पाठ झाले आहे की वर्गात केशवसुत शिकवता शिकवता त्याची चाल ओठांवर येऊ पाहते. तिच्यामागून भंगारवाला. पूर्वीचा भंगारवाला स्वतःच्या गळ्याने ओरडत असे. त्यामुळे तो मधूनमधून दमे, आणि तो दमला की आपल्याला विसावा मिळे. आताच्याने एक वाक्य एकदाच मुद्रित करून ठेवले आहे. ते वाक्य गल्लीभर ओरडत असते आणि तो स्वतः सुपारी चघळत निवांतपणे गाडा ढकलत असतो. मग ज्यांचे भोंगे मुद्दाम फोडून घेतलेले असतात अशा मोटारसायकली. मग बँकेतली, बसमधली, दवाखान्यातली माणसे. प्रत्येकाच्या हातात एकेक फोन आणि प्रत्येक फोनातून वेगळ्या गाण्याचे अर्धे कडवे. पुरे एक कडवे ऐकायला आता कोणालाच सवड नाही.

या सर्वांवर कळस म्हणजे डॉल्बी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत कर्ण्यांची जी भिंत ट्रॅक्टरवरून चालते, तिला 'डॉल्बी' म्हणतात. ती गल्लीतून गेली की खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकांशी कुजबुजू लागतात आणि छातीत आपले काळीज आहे की दुसऱ्या कोणाचे, असा संशय येतो. मौज अशी की रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली ज्या युक्तीवर आपला उद्योग उभा केला, ती युक्ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याची होती! ज्याने गोंगाट कमी केला त्याचेच नाव आम्ही गोंगाटाला दिले. भाषेचा हा विनोद मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते हसतात, पण बाहेरून डॉल्बी जात असेल तर त्यांना तो ऐकूच जात नाही.

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल एवढाच आवाज असावा. दोन माणसे साधे बोलू लागली तरी तो साठाच्या आसपास जातो म्हणतात. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात चहाच्या साखरेवरून दोन शब्द झाले की कायदा मोडलाच म्हणून समजावे. अशा नाजूक कायद्याने डॉल्बीसमोर छाती काढून उभे राहावे, ही अपेक्षा करणेच मुळी निर्दयपणाचे आहे.

तेव्हा मी दार लावून घेतो. आत आहे काय? एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. कपाटात चारशेच्या घरात पुस्तके, आणि त्यांतली निम्मी रद्दीवाल्यांकडून वजनावर आणलेली. जुन्या पुस्तकात लेखकाखेरीज आणखी माणसे राहतात. एका कादंबरीच्या पहिल्या पानावर कोणा मामाने भाचीला लग्नात दिलेले आशीर्वाद आहेत. एका चरित्रात एस. टी.चे जीर्ण तिकीट खुणेला घातलेले आहे, आणि ते ज्या पानावर आहे त्याच्या पुढची पाने फाडलेलीच नाहीत. त्या प्रवाशाचे गाव आले असावे. मी ते तिकीट काढीत नाही. मी पुढे वाचून जातो आणि ते पुन्हा त्याच्या जागी ठेवतो.

गाणे असते ते बहुतेक अब्दुल करीम खाँसाहेबांचे. मिरजेच्या माणसाला यात निवड अशी काही करावी लागत नाही. खाँसाहेब इथेच राहिले आणि इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रात्रभर गाणारा माणूस त्या तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे वाड्यातला संसार पेटीत भरण्यासारखे आहे. तरीही त्या तीन मिनिटांत तो सुईसारखा बारीक, किंचित अनुनासिक सूर अशा सावकाशीने येतो की जणू त्याला कुठेच जायचे नाही. आणि ही तबकडी मी ऐकतो कशावर? माझ्या फोनवरच. सारा दिवस ज्याने माझे कान किटवले, त्याच डबीतून रात्री खाँसाहेब येतात. म्हणून मी यंत्रांना शिव्या देणाऱ्यांतला नाही. डबीचा दोष नाही. डबीत काय भरावे, याचा प्रश्न आहे.

इथे आमचे अर्थशास्त्राचे सहकारी बोट उगारतात. "म्हणजे तुम्हाला शांतता हवी, जगाचे दुःख ऐकायला नको." मी त्यांना गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' वाचायला दिले. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली चार पैसे मिळतील या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेला आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडला. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा तो शहरात होता. तोफांचे गोळे, जळणारी घरे, कत्तल, लुटालूट हे सारे त्याने पाहिले आणि पुढे म्हातारपणी सांगितले. पुस्तक छापून निघाले १९०७ मध्ये. आता विचार करा, दारावरून जाणाऱ्या डॉल्बीला कंटाळून मी ज्या पुस्तकात शिरलो, त्यात झाशीच्या तोफा धडाडत आहेत! मला शांतताच हवी असती तर मी कापसाचे बोळे घेतले असते. ते स्वस्त पडतात.

तेव्हा गोंगाट म्हणजे मोठा आवाज, ही व्याख्या मला पटेनाशी झाली. नदीचा पूर मोठ्याने गर्जतो, पण त्याला कोणी गोंगाट म्हणत नाही. वारीत लाखो माणसे एकदम बोलतात, तो गजर होतो. उलट, शेजारच्या खुर्चीवरच्या फोनातून येणारी बारीक किरकिर पुरा गोंगाट असते. मग फरक कशाचा? पुष्कळ विचारांती मला असे वाटू लागले की ज्या आवाजाला ऐकणाऱ्याची गरज नाही, तो गोंगाट. भंगारवाल्याच्या त्या मुद्रित वाक्याला मी घरात आहे की नाही, याच्याशी कर्तव्य नाही. डॉल्बीला तर नाहीच नाही. सारी मिरज गाव सोडून गेली तरी तो आपल्या ठेक्यात वाजत राहील. पण गोडसे भटजी माझ्यासाठी थांबतात. मी पान उलटले नाही तर ते झाशीच्या वेशीबाहेर पाऊल टाकीत नाहीत. मी उठून पाणी प्यायला गेलो तर ते वाट पाहतात, आणि परत आल्यावर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगतात. एवढा मान मला दिवसभरात दुसरे कोण देते?

गाण्याचेही तेच. गवई आधी तंबोरा लावतो, आणि तो लागेपर्यंत बैठक थांबते. हे तंबोऱ्याचे प्रकरण मिरजेत राहणाऱ्याने थोडे खुलवून सांगितले तर वाचक रागावणार नाहीत. आमच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी-भाल्यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. इंग्रजांचे राज्य आले, लढाया सरल्या, हत्यारे थंडावली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांसारख्या कसबी माणसांनी हातातली कानस तंतुवाद्यांकडे वळवली. पोलादाला धार आणणारे हात तारेला धार आणू लागले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारने भौगोलिक मानांकनही दिले.

पण खरी गंमत आहे ती जवारीची. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी किंचित, डोळ्याला दिसेल न दिसेल असा उतरता घासावा लागतो. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा आणि तो केसाएवढा पुढे-मागे करीत राहायचे. एका जागी तार ठार मुकी वाटते, दुसऱ्या जागी पत्र्यासारखी वाजते. आणि मधल्या एका नेमक्या जागी ती एकदम उमलते. खर्जाच्या तारेतून इतर सूर बाहेर पडू लागतात. षड्जावर लावलेली ती तार, पण तिच्यात गंधार ऐकू येतो. हा गंधार कोणी लावलेला नसतो, त्याच्यासाठी निराळी तार नसते. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरा उत्तम लागला आणि ऐकणारा लक्ष देऊन बसला, तरच तो भेटतो.

आता हे काम चालते कुठे? भर गल्लीत, उघड्या दुकानात. समोरून रिक्षा जात आहेत, शाळेची बस पाठीमागे सरकत असल्याची शिटी वाजवीत आहे, कोपऱ्यावर कोणी कोणाशी उधारीवरून भांडत आहे. आणि आत बसलेला कारागीर घोडी घासतो आहे, तार छेडतो आहे, कान दांडीजवळ नेतो आहे. मी एकदा त्याला विचारले, "या गलक्यात तुम्हाला ऐकू कसं येतं हो?" तो म्हणाला, "सर, गलका चालूच असतो. आपण तारेकडं जायचं." माझ्या एम. ए.च्या दोन वर्षांत सौंदर्यशास्त्रावरची पुष्कळ व्याख्याने मी ऐकली. त्यांतले एकही मला इतके पाठ राहिलेले नाही.

खाँसाहेबांच्या अखेरीची हकिगत मिरजेत अजून सांगतात. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत आगगाडीत जिवाला बरे वाटेना, म्हणून सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवला, दरबारीच्या सुरांत ईश्वराची आळवणी केली आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दफन केले. मी दार लावून बसतो; त्यांना दाराचीही गरज पडली नाही. पण आपल्यासारख्या सामान्यांना फलाटावर एकदम ती समाधी कशी साधणार? पोहायला शिकणारा आधी विहिरीच्या पायरीलगत शिकतो. माझी खोली ही ती पायरी.

पळून जाणे आणि आत जाणे यांतला फरक मला कुमार गंधर्वांच्या चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. विशी ओलांडता ओलांडता कीर्तीच्या शिखरावर पोचलेला हा गवई क्षयाने आजारी पडला. १९४८ साली कोरड्या हवेसाठी त्यांना माळव्यातल्या देवासला नेले. गाणे बंद, आणि ते एक-दोन महिने नव्हे, पाच-सहा वर्षे. गवयाला गाऊ नका म्हणणे म्हणजे त्याला जिवंतपणी पुरणेच. कुमार अंथरुणावर पडून राहिले आणि ऐकू लागले. बाहेरून जाणाऱ्या, कामाला लागलेल्या बायाबापड्यांची माळवी गाणी त्यांच्या कानांवर पडू लागली. ज्या गाण्यांना कोणी संगीत म्हणत नव्हते, त्यांत त्यांना नव्या रागांची बीजे सापडली. पुढे बरे होऊन ते पुन्हा गायला बसले तेव्हा ते गाणे निराळे होते. त्या खोलीत जाणे त्यांच्या इच्छेचे नव्हते. पण तिथे बसून त्यांनी जे ऐकले, ते बाहेर हिंडणाऱ्या धडधाकट माणसांना ऐकू आले नव्हते.

एवढे सगळे मी कन्येला समजावून सांगितले असते, तर ती म्हणाली असती, "बाबा, तुम्ही कुमार गंधर्व नाही." आणि ते खरेच आहे. म्हणून आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

गेल्या पावसाळ्यापासून त्या खोलीत मी एकटा नसतो. दुसऱ्या खुर्चीवर आमचे अण्णा बसतात. अण्णा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर, मिरज जंक्शनवर पार्सल कचेरीत कारकून म्हणून सबंध नोकरी झालेली. गाड्यांच्या शिट्ट्या, हमालांच्या आरोळ्या आणि पेट्या आपटण्याचे आवाज यांत पस्तीस वर्षे काढलेल्या या माणसाचे कान आता जात चालले आहेत. उजव्याने काही कळत नाही. डाव्याला यंत्र आहे. यंत्र चांगले आहे, महागही आहे. पण त्याची अडचण अशी की ते सगळेच मोठे करते. पंख्याची घरघर मोठी, खुर्ची सरकवल्याचा आवाज मोठा, ताटात चमचा पडला तर तोफ. आणि या सगळ्यात नातीने विचारलेला प्रश्न मात्र बुडून जातो. चार माणसे एकदम बोलू लागली की अण्णा हळूच हसू लागतात. हे हसणे घरातल्या सगळ्यांना ओळखू येते. त्याचा अर्थ, 'तुमचे चालू द्या, मला काही कळत नाही.' सणासुदीला घर भरते आणि अण्णा दिवसभर हसत असतात. त्या हसण्याइतके एकटे काही मी पाहिलेले नाही. आणि डॉक्टरांनी सांगितले आहे की आता हे कमीच होत जाणार.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी त्यांना म्हटले, "अण्णा, वर चला." ते कठडा धरून एकेक पायरी चढून आले. मी खिडकी लावली, पंखा बंद केला, दार लावले आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसून सावकाश वाचू लागलो. अण्णा हसले नाहीत. ते ऐकत होते. मधेच त्यांनी मला थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि मी सांगितलेला अर्थ चूक आहे असेही सांगितले. मला फार बरे वाटले.

जुलैत माझा घसा बसला, म्हणून वाचायला कन्या आली. पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच जन्माला आले आहे असे मला वाटते. कारण ते लिहिलेले वाटतच नाही, बोललेले वाटते. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, नवऱ्याच्या हट्टाने घरीच अक्षरे गिरवलेली. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिचे सारे जग उलटेपालटे झाले, आणि म्हातारपणी हे सगळे ती सांगते ते हसत हसत, कोणावरही दात न धरता. कन्येचे वाचन सुरुवातीला आगगाडीसारखे होते. अण्णा म्हणत, "बाळ, जरा स्टेशनं घे की." मग ती स्टेशने घेऊ लागली. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराचा कसा छळ झाला तो भाग आला तेव्हा आजोबा आणि नात असे हसले की सौभाग्यवती काय झाले ते पाहायला वर आल्या आणि पायरीवरच बसून राहिल्या.

श्रावणातल्या एका संध्याकाळी लक्ष्मीबाईंच्या शिकण्याचा भाग वाचून झाला. कन्येने पुस्तक मिटले. बाहेर पाऊस होता. कोणी काही बोलले नाही. अशा वेळी घाईने काहीतरी बोलून टाकायची सवय मला या खोलीत मोडावी लागली आहे. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "माझा एक तंबोरा होता."

शेचाळीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नव्हते. मग हळूहळू बाकीचे आले. नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांनी गल्लीतून हप्त्याने तंबोरा घेतला होता. दर पगाराला थोडे थोडे देऊन तो फेडला. चार महिने एका वृद्ध गवयांकडे पहाटे जाऊन षड्ज लावला. चार महिन्यांत षड्जाच्या पुढे गुरुजींनी जाऊ दिले नाही, आणि त्याची त्यांना तक्रारही नव्हती. मग आजोबा अंथरुणाला खिळले, रात्रपाळ्या घ्याव्या लागल्या, शिकणे सुटले. "मग तंबोरा कुठं गेला?" कन्येने त्यांच्या कानाशी वाकून विचारले. "विकला," अण्णा म्हणाले. "बहिणीचं लग्न होतं." एवढेच. आवाजात दुःख नव्हते. पार्सल कुठल्या गाडीने गेले ते सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले.

भाद्रपदात, गणपती बसायच्या आधी, आम्ही तिघे सतारमेकर गल्लीत गेलो. विकत घ्यायला नव्हे, नुसते भेटायला. त्या कारागिराने नुकताच जवारी काढून झालेला एक तंबोरा भिंतीशी उभा होता, तो अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी काय केले असेल? आधी कानातले यंत्र काढून खिशात टाकले. मग तंबोरा मांडीशी घेतला, डावा तळहात भोपळ्यावर सपाट टेकवला आणि उजव्या हाताने चारही तारा छेडल्या. पंचम, दोन्ही जोड, खर्ज. पुन्हा पंचम, जोड, खर्ज. पन्नास वर्षांनंतरही बोटांनी वाट चुकवली नाही. समोरून रिक्षा जात होत्या. कोणीतरी मंडपाचे बांबू ट्रकमधून खाली टाकीत होते.

"ऐकू येतंय का, अण्णा?" कारागिराने मोठ्याने विचारले.

अण्णांनी त्याच्या ओठांकडे पाहिले. "ऐकू येत नाही," ते म्हणाले, "पण लागलाय. हाताला कळतंय."

गंधार त्यांना भेटला की नाही, हे मी विचारले नाही. त्यांनी डोळे मिटले होते आणि ते नेहमीचे हसणे चेहऱ्यावर नव्हते.

कन्येने हे सारे आपल्या फोनवर टिपून घेतले. घरी येऊन लावून पाहिले तर त्यात रिक्षाचे भोंगे आणि बांबूंचा खडखडाटच जास्त. तंबोरा कुठेतरी तळाशी. सौभाग्यवती म्हणाल्या, "यात काहीच कळत नाही." कन्या म्हणाली, "आई, थांब. जरा कान लाव." आणि खरेच, कान लावला की तो येतो. आधी एक बारीक रेघ, मग तिच्या बाजूला दुसरी, आणि मग बांबू पडत असतानाच सगळ्याच्या खालून वाहणारा तो खर्ज. गल्लीतला आवाज काही कमी झालेला नव्हता. ती तारेकडे गेली होती.

'पळून जाता' हा शब्द त्यानंतर घरात निघालेला नाही. पण मी त्याचे उत्तर द्यायचे ठरवले होते, म्हणून देतो. पळून जाणारा दार ओढून घेतो ते माणसे मागे टाकण्यासाठी. मी लावून घेतो ते एका वेळी एकच माणूस ऐकू यावा म्हणून. ते माणूस कधी दीडशे वर्षांपूर्वीचे भटजी असते, कधी नव्वद वर्षांमागच्या लक्ष्मीबाई, कधी तीन मिनिटांचे खाँसाहेब. ही माणसे मला जे शिकवतात ते मोठे तत्त्वज्ञान नव्हे. कोणी बोलू लागला की तो पुरा होईपर्यंत गप्प बसावे, एवढेच. दीड तासाने मी खाली येतो. तिथे कुकर असतो, बातम्या असतात, शेजारचा फोन असतो, सगळे जिथल्या तिथे. फक्त त्यात कोण हळू बोलले, ते मला पूर्वीपेक्षा थोडे लवकर कळते.

आता दिवाळी आली. मिरजेपासून जवळच्याच कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना सुमारे दीडशे वर्षांपूर्वी फटाक्याने इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणले, आणि डोळे अधू झालेला तो मुलगा इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी रागदारी सामान्य माणसाच्या घरात नेली. म्हणून फटाक्यांनाही मी सरसकट नावे ठेवत नाही. मात्र प्रत्येक फटाक्यातून विष्णु दिगंबर निघत नाहीत, एवढे पोरांनी ध्यानात ठेवले तर बरे.

वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून, हा अंक घेऊन तुम्ही कुठल्या तरी कोपऱ्यात बसला असाल. कदाचित तुम्हीही दार लावून घेतले असेल. संकोच करू नका, सावकाश वाचा. घरात कोणी हळू बोलणारे माणूस असेल तर त्यालाही आत बोलवा, आणि दुसरी खुर्ची त्याला ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला ठेवा.